मदत हवी आहे: ट्रेकर भाच्याला भेट द्यायला कोणता चाकू घ्यावा?

साताऱ्यातल्या जाणकार मंडळींनी सांगा. भाचा पावसाळ्यात सज्जनगड-अजिंक्यतारा आणि हिवाळ्यात वासोटा करतो. कामं साधीच: दोर कापणं, चुलीसाठी ढलप्या काढणं, कांदा चिरणं. त्यामुळे ८ ते १० सेंटिमीटर पातं पुरे. जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी. चार-पाच मिलिमीटरच्या पात्याने कांदा चिरत नाही, फाटतो. पोकळ मुठीचे 'सर्व्हायव्हल' चाकू नकोतच, जोर लावला की मुठीपाशी सांधा सुटतो.

दोन नावं डोळ्यांसमोर आहेत. ओपिनेल नंबर ८ दुमडतो, कडं फिरवून पातं लॉक होतं. पण लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं बाहेर निघत नाही. सांध्यात जवसाचं तेल मुरवलं तर आपल्या पावसात कितपत टिकेल? मोरा कम्पॅनियन दुमडत नाही, धुवायला सोपा, पण पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, म्हणजे ओंडक्याने ठोकून लाकूड फोडायचं नाही. दोन्हींत स्टेनलेसच घ्यावा असं वाटतं. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण ओला म्यानात राहिला तर सकाळी गंज दिसतो.

मुख्य अडचण वासोट्याची. तो कोयना अभयारण्यात येतो आणि वन्यजीव कायद्यात 'शस्त्र' म्हणताना चाकूही धरलाय. स्वयंपाकाचा छोटा चाकू बामणोलीकडून जाताना चालतो का, की आधी परवानगी घ्यावी लागते?

आणि सातारा-कराडकडे गाडीच्या कमानपाट्यापासून नीट पाणी देऊन (तापवून, विझवून कडक करून) पातं घडवणारा लोहार कुणाला माहीत आहे का?