सिलिकॉनवर शिशाची बेटं: सगळी सात थरांचीच का?

प्रश्न: अर्धवटराव_पाषाण
पीएचडीचं तिसरं वर्ष. सिलिकॉन १११ (स्फटिक त्या दिशेने कापलेला) चा तुकडा १२०० अंशांना फ्लॅश करून, म्हणजे क्षणभर तापवून, पृष्ठभागावर अणूंची ७×७ रचना मिळाली, एकदम झकास. मग तुकडा २०० केल्विनच्या आसपास ठेवून वर शिसं टाकलं. एसटीएममध्ये (सुईसारख्या टिपने पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर चाचपणारा सूक्ष्मदर्शक) बेटं दिसतात ती टेकड्यांसारखी नाहीत, टेबलासारखी सपाट. उंची वेटिंग लेयरच्या (सिलिकॉनवर आधी पसरणारा शिशाचा पातळ थर) वर बरोब्बर २ नॅनोमीटर, म्हणजे सात थर. सहा आणि आठ थरांची जवळपास नाहीतच. कॅलिब्रेशन गंडलं म्हणावं, तर सिलिकॉनची एका थराची पायरी ०.३१ नॅनोमीटर चोख येते. सर म्हणतात, "शोधा."

उत्तर: निवृत्त_निर्वात
पिझोला (टिप हलवणारा स्फटिक) कशाला बोल लावता? खाली सिलिकॉन, वर निर्वात, मधे इलेक्ट्रॉन कोंडलेला. शिशाचा एक थर ०.२८६ नॅनोमीटर, आणि फर्मी पातळीवरच्या (धातूत इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) इलेक्ट्रॉनची अर्धी तरंगलांबी त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे दोन थरांत तीन अर्ध्या लाटा जेमतेम बसतात. म्हणून एकाआड एक उंची शिशाला मानवते. जिथे कोंडलेली पातळी नेमकी फर्मी पातळीवर येते, ती उंची महागात पडते. सोन्याचांदीत हे गणित इतकं जुळत नाही, शिशाचं नशीब!
बेटावर टिप स्थिर धरून डीआय-डीव्ही घ्या, म्हणजे व्होल्टेज बदलताना प्रवाह किती बदलतो ते मोजा; कोंडलेल्या पातळ्या शिखरं म्हणून दिसतात. सातवर शून्य व्होल्ट दोन शिखरांच्या मधे पडायला हवं. तेच वेटिंग लेयरवरही घ्या, नाहीतर टिपचीच शिखरं बेटाची म्हणून छापाल.

उत्तर: डेवार_दादा
नमुना गरम होऊ देऊ नकोस रे. आमचा थंड ठेवायचा द्रव नायट्रोजन विसर्जनाच्या दिवशी येणार होता. गाडीवाला फोनवर म्हणाला, "रस्ते बंद, उद्या बघू." पहाटे पाहतो तर छोटी बेटं गायब, मोठी फुगलेली. तीन आठवडे पाण्यात.

अर्धवटराव_पाषाण
काल रात्री अडीचला डीआय-डीव्ही घेतलं, रस्त्यावर गाड्यांची थरथर नसताना. सातवर शून्याशी खड्डा. कोपऱ्यात आठ थरांचं एक पिल्लू सापडलं, त्यावर शून्याजवळ उंचवटा! वेटिंग लेयरवर दोन्ही नाहीत. निर्वात काका, साष्टांग.
नवव्या बेटावर टिप आदळली. नवी करायला पाषाण-बाणेर भागात कुणाकडे टंगस्टनची पाव मिलिमीटरची तार आहे का? हातभर पुरे. तार कोरून टोक काढायला कॉस्टिक आहे माझ्याकडे.