प्रतिसाद: सीडी माउंट होत नाही म्हणजे ड्राइव्ह गेला असं नाही

लिनक्सवर ऑडिओ सीडी माउंट होत नाही (म्हणजे फोल्डरसारखी उघडत नाही), या प्रश्नावर वर 'ड्राइव्ह बदला' असा सल्ला आलाय, तो मला पटला नाही. ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिमच, म्हणजे फाइली-फोल्डरांची मांडणीच, नसते. असतात ते नुसते आवाजाचे ट्रॅक. त्यामुळे माउंट कमांडने त्रुटी दाखवणं हे अपेक्षितच आहे. डेटा असलेली एखादी सीडी घालून बघा. ती उघडली, तर नवा ड्राइव्ह घेण्याची घाई नको. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'डिस्क उघडा' मध्ये जाऊन ऑडिओ सीडी निवडा, माउंट न करताच वाजेल.

आता ऑडिओ सीडी लावल्यावर डिस्क फिरते, प्लेअरमध्ये वेळेचे आकडे पुढे सरकतात, पण आवाज नाही, या दुसऱ्या अडचणीबद्दल. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं आणि मी दोन संध्याकाळी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात घालवल्या. दोष प्लेअरचा होता. जुने काही प्लेअर ड्राइव्हला फक्त 'वाजव' असा हुकूम देतात, आणि आवाज ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणाऱ्या वेगळ्या अ‍ॅनालॉग वायरमधून येईल असं धरून चालतात. माझ्या साटा (नव्या प्रकारच्या जोडणीच्या) ड्राइव्हला ती वायर जोडायची जागाच नव्हती. ट्रॅक डिजिटल पद्धतीने वाचणारा प्लेअर घेतला आणि लगेच आवाज आला. मात्र इतर फाइलींचाही आवाज येत नसेल तर सीडीचा संबंध नाही. पॅव्हूकंट्रोल (आवाज कुठे पाठवायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम) उघडून आवाज एचडीएमआयवरून मॉनिटरकडे जातोय का ते आधी पाहा.