मदत हवी आहे: निपाणी-चिकोडी भागातले फुप्फुसाच्या कॅन्सरचे आकडे कुठं मिळतील?

नमस्कार. मी निपाणीजवळच्या खेड्यातला. माझी आत्या श्रावणात फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. तिनं जन्मात विडी ओढली नाही. पण पंचवीस वर्षं वखारीत तंबाखू चाळला, आणि घरी चुलीचा धूर. खोकला, उतरलेलं वजन, एक्स-रेवर डाग. म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. बायोप्सी झाली तोवर रोग मणक्यात पोचला होता. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींतून होणारा कॅन्सर.

नंतर गल्लीतली नावं आठवून लिहिली, दहा वर्षांत पाच. हे खरंच वाढतंय, की सीटी स्कॅन सहज होतो म्हणून आता कळतंय?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा २०१२-१६ चा अहवाल वाचला. २८ केंद्रं, कर्नाटकातून एकटं बेंगळुरू. आमचे पेशंट जातात कोल्हापूर, मिरज, नाहीतर थेट मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला. पण अशी नोंदणी आपल्या हद्दीत राहणाऱ्यांचीच होते. म्हणजे परळला उपचार घेतलेली निपाणीची बाई मुंबईच्या आकड्यात नाही आणि त्या अहवालापुरतं तरी इथं मोजणारंच कुणी नव्हतं. बेंगळुरूचा दर आम्हाला लावावा का? ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदी चालतील का? आमच्याकडं कारण म्हणून 'हृदय बंद पडून' एवढंच लिहितात.

उत्तर: दादा, आत्यांचं वाचून फार वाईट वाटलं. मी बेळगावात सार्वजनिक आरोग्य शिकवते. बेंगळुरूचा दर लावू नका. त्याच अहवालात पुरुषांच्या सगळ्या कॅन्सरचा वय-समायोजित दर (म्हणजे लोकसंख्येच्या वयातला फरक काढून टाकलेला) लाखाला ऐझॉलमध्ये २६९.४ आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५ आहे, जागेनुसार इतका फरक पडतो. गल्लीतल्या पाच नावांवरून वाढ ठरत नाही, त्यांची वयं आधी लिहा. मृत्यूनोंदींपेक्षा कोल्हापूर, मिरज, बेळगावच्या पॅथॉलॉजी नोंदी (बायोप्सी तपासणीच्या) पत्त्यावरून चाळायला हव्यात, आणि एकच पेशंट दोन ठिकाणी आला असेल तर एकदाच धरायचा. एकट्याला कुणी कागद दाखवणार नाही. मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन (सार्वजनिक आरोग्य) विभागाला गाठा, पेशंटची माहिती वापरायला लागणारी एथिक्स कमिटीची परवानगी त्यांच्यामार्फत निघते. व्यवसायाचा रकाना मात्र सोडू नका. तंबाखूचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो, तेव्हा आज काय करता यापेक्षा आधी काय करत होता हे विचारायचं.

धागाकर्ता: मनापासून आभार, ताई. आत्ता आत्याची फाईल काढून बघितली. व्यवसायाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलंय. वखारीतल्या बाकीच्या बायकांची यादी आधी मीच घरोघर जाऊन केली तर चालेल का?