पहिला कॉम्प्युटर कुठून आणलात? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांचे अनुभव

पहिल्या कॉम्प्युटरच्या आठवणी पुण्या-मुंबईच्या मंडळींनी भरपूर लिहून झाल्यात. आपल्या भागाची तऱ्हा जरा निराळी. मशीन एक तर बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून यायचं, नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. मराठी फॉन्ट पुण्याचा, सरकारी कागद कन्नडमधला आणि करंट त्याच्या मर्जीनं. म्हणून हा धागा काढतोय. नुसती रॅम आणि प्रोसेसरची यादी नको, ती कुठंही मिळते. मशीन कुणी आणलं, कशासाठी आणलं, त्यावर काय काम झालं आणि आज ते कुठं आहे, तेवढं लिहा.

सुरुवात मीच करतो. 1984 साली केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला होता. त्यातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. वडिलांच्या बदलीमुळं मी तेव्हा बेळगावबाहेर शिकत होतो, त्या शाळेत तो होता. चालू केला की आधी एक जाड आणि मग एक बारीक असा आवाज यायचा आणि पडद्यावर '32 के' उमटायचं. तेवढी त्याची मेमरी. वरच्या ओळीतली लाल बटणं दाबायची नाहीत असा सरांचा हुकूम होता, त्यामुळं सगळ्यांची बोटं तिथंच जायची. मी बेसिकमध्ये पाढे छापायचा प्रोग्राम केला आणि टिळकवाडीत परत आल्यावर बरीच वर्षं तेवढ्या भांडवलावर शेखी मिरवली. घरात पहिलं मशीन पेन्टियमच्या काळात आलं. त्यानंतर किती आली-गेली, पण बहुतेक विसरण्यासारखीच होती.

उद्यमबाग, टूलरूममधून निवृत्त

आमच्याकडं पहिला आला तो एक्सटी. 8088 प्रोसेसर, 640 के मेमरी, 20 एमबीची हार्ड डिस्क आणि अंबर रंगाचा मॉनिटर. मालकांनी घेतला ऑटोकॅडसाठी, म्हणजे मशीनवर ड्रॉइंग काढायच्या प्रोग्रामसाठी. रिलीज 9 पासून ऑटोकॅडला 8087 हा गणिताचा वेगळा चिप लागायचा, तो नसला तर ते सुरूच व्हायचं नाही. चिप मुंबईहून येईपर्यंत आमचा क्लार्क त्या मशीनवर लोटस या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये पगारपत्रक करत बसला. त्याला वाटायला लागलं, मशीन त्याच्यासाठीच आणलंय. चिप आल्यावर त्याला उठवताना बराच रुसवा झाला.

शेजारी फाउंड्री. तिथली इंडक्शन फर्नेस चालू झाली की आमच्या पडद्यावरचं ड्रॉइंग चारी बाजूंनी आत सरकायचं. मग सीव्हीटी घेतला. तो दिवसभर घुमायचा, पण व्होल्टेज धरून ठेवायचा. बंद करण्याआधी 'पार्क' टाइप करायचं म्हणजे डिस्कचं हेड बाजूला जाऊन बसायचं, नाही तर मशीन हलवताना आत ओरखडा पडायची भीती. कुणी टेबल सरकवायला लागलं की मी ओरडायचो, "पार्क केलंय काय?" नवीन पोरं बाहेर जाऊन आपली लूना बघून यायची.

पुढं 386, 486, पेन्टियम असं सगळं झालं. त्यातला पेन्टियम आजही चालू आहे, तोसुद्धा डॉसवर. कारण त्याला मागं नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आहे. आमच्या जुन्या व्हीएमसीचा, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनचा, कंट्रोलर प्रोग्राम आरएस-232 वरूनच, म्हणजे त्या सीरियल पोर्टवरूनच घेतो. त्याची स्वतःची मेमरी इतकी थोडी, की डायचा लांब प्रोग्राम त्यात मावत नाही. मग हा पेन्टियम एकेक ओळ पुढं सरकवत राहतो आणि कटर त्याप्रमाणं चालतो. आता नवीन पोरांकडं थ्रीडीचे मोठाले वर्कस्टेशन आहेत, पण शेवटी फाइल याच्याकडंच येते. हा बंद पडला तर काय, याचं उत्तर कुणाकडं असेल तर इथं लिहा. मालकांचा मुलगा आता कारखाना बघतो, तो रोज विचारतोय.

निपाणी, पेढीवर हिशेब

मी बी.कॉम. झाल्यावर टॅलीचा कोर्स केला आणि एका तंबाखूच्या पेढीवर लागले. वखारीत बायका कामाला असायच्याच, पण वर गादीशेजारी खुर्ची टाकून बसणारी बाई मी पहिलीच. विंडोज 98, टॅली 5.4 आणि कडकड करणारा डॉट मॅट्रिक्स. अण्णा, म्हणजे पेढीचे मालक, लाल कापडी बांधणीची कीर्द-खतावणी सोडायला तयार नव्हते. दोन्हीकडं लिहायचं आणि संध्याकाळी शिल्लक जुळवायची. जुळली की म्हणायचे, "आज खरं बोलला तुझा डबा."

आमचा खरा ताप म्हणजे सी फॉर्म, दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकानं कमी दराच्या विक्रीकरासाठी द्यायचा कागद. कागल इथनं गाडीनं अर्ध्या तासाच्या आत, पण कोगनोळीपुढं हद्द ओलांडली की ती विक्री आंतरराज्य. शेजारच्या गावातल्या गिऱ्हाइकाकडनं सी फॉर्म आला नाही तर कमी दराची सवलत गेली, फरक आपल्या अंगावर. वहीतनं कुणाचे फॉर्म राहिलेत ते शोधायला दोन माणसं बसायची. टॅलीतनं यादी एका दमात निघाली, तेव्हा अण्णा पहिल्यांदा खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसले. ती यादी घडी घालून खिशात ठेवली आणि थेट कोल्हापूरला वसुलीला गेले. लाल वही त्यानंतर हळूहळू पातळ होत गेली.

1 एप्रिल 2005 ला कर्नाटकात व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी. आता सी फॉर्मची कटकट नाही, कागलच्या बिलाला आयजीएसटी लागतो एवढंच. मशीनं तीन-चार बदलली. प्रिंटर तोच ठेवलाय, कार्बनवर तीन प्रती एका फटक्यात काढणारा दुसरा कोण आहे?

शहापूर, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं

वडील खिळे जुळवायचे. माझ्या वेळेला ट्रेडल मशीनच्या शेजारी 486 आला. पानं मांडायला पेजमेकर टाकला आणि मराठी अक्षरांसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घेतली. आमच्याकडची पत्रिका म्हणजे दोन भाषांचं काम. मुलगा बेळगावचा, मुलगी गोकाककडची, मग एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि दोन्हीकडं मामा-मावश्यांची नावं एकाच क्रमानं यायला पाहिजेत. एक आत्या इकडची तिकडं झाली तर पत्रिका वाटायच्या आधी भांडण.

श्रीलिपीचं लॉक असायचं. प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं एक छोटं खोकं. ते लावलं तरच अक्षरं टाइप व्हायची. आमच्याकडं मशीनं दोन आणि लॉक एक. लग्नसराईत मी आणि भाऊ ते इकडनं काढून तिकडं घालायचो. त्याचे स्क्रू झिजून गुळगुळीत झाले, मग नुसतं दाबून बसवायचं आणि जवळनं जाणाऱ्यानं धक्का लावायचा नाही. रात्री दुकान बंद करताना मशीन तसंच टेबलावर, लॉक मात्र गल्ल्यात, आणि गल्ल्याची किल्ली वडिलांच्या जानव्याला.

त्या काळच्या सगळ्याच मराठी फॉन्टांत 'क' म्हणजे मशीनच्या लेखी 'क' नव्हताच, कुठल्या तरी इंग्रजी चिन्हाच्या जागेवर बसवलेलं चित्र होतं. त्यामुळं तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी फाइल उघडली की नुसता चिन्हांचा चिखल. गणेशोत्सव मंडळाची वर्गणीदारांची यादी एका फॉन्टात, जाहिरातीचा मजकूर दुसऱ्यात, आणि अध्यक्षांचं मनोगत तिसऱ्याच दुकानातनं टाइप होऊन आलेलं. सगळं परत टाइप करायचं. युनिकोड आल्यावर हे मिटलं, पण लगेच नाही. सुरुवातीला 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' लिहिलं की र वर जाऊन बसायचा. ल आणि श हिंदी वळणाचे यायचे. गिऱ्हाईक शाळामास्तर असलं की प्रूफ परत. त्यांचं बरोबरच होतं.

आता आय फाइव्ह आहे, एसएसडी आहे. सरकारी कामाला कन्नड नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मागतात, तेही ठेवलंय. 2024 च्या कायद्यानं दुकानांच्या फलकांवर 60 टक्के कन्नड आलं, तेव्हा सगळ्या बाजारपेठेचे फलक नव्यानं मांडून घेतले लोकांनी. त्यावर माझं मत इथं लिहीत नाही, पण काम मिळालं हे खरं. जुन्या फाइलींसाठी कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचं मशीन ठेवलंय, त्याला नेटची वायर लावत नाही. परवा एक वहिनी लेकीची पत्रिका करायला आल्या. त्यांची स्वतःची 1997 ची पत्रिका आमच्याच इथली होती, ती शोधून पडद्यावर दाखवली. आधी कौतुकानं बघितलं, मग म्हणाल्या, "ह्यात आमच्या थोरल्या काकांचं नाव शेवटी टाकलंय बघा. तेव्हाचा राग अजून आहे त्यांचा."

येळ्ळूर

माझा पहिला कॉम्प्युटर माझा नव्हताच, सरकारचा होता. 2001 च्या सुमारास तालुक्याच्या कचेरीत 'भूमी', म्हणजे जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर द्यायचं काम चालू झालं आणि हातानं लिहिलेला उतारा बंद. आजोबांबरोबर मी गेलो होतो. खिडकीत पडदे दोन, एक ऑपरेटरकडं तोंड केलेला आणि एक आमच्याकडं. पंधरा रुपये भरायचे आणि समोर बघत उभं राहायचं. उतारा कन्नडमधनं. आजोबांना कन्नड बोलायला फर्डं, वाचायला नाही. ते आकड्यांवर बोट ठेवून सर्व्हे नंबर, एकर आणि गुंठे जुळवून बघत होते. नावाशी आल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "वाच गा, आमचंच हाय न्हवं?" मी सातवीत, शाळेत कन्नड होतं म्हणून वाचलं. वारसा लावायचा अर्ज पण मशीनमध्ये आलेल्या क्रमानंच पुढं जायचा, ऑपरेटरनं अंगठा लावल्याशिवाय मशीन उघडायचं नाही, हे आजोबांना फार पटलं होतं. गावात येऊन आठवडाभर तेच सांगत होते.

घरात अजून कॉम्प्युटर नाही. सगळं मोबाईलवर.

जांबोटी परिसर, शिक्षिका

इकडच्या पावसाबद्दल न बोलता कॉम्प्युटरबद्दल बोलता येत नाही. आमच्या घरी मिस्टरांनी बेळगावहून जुळवलेला सेलेरॉन आणला होता. पहिल्या पावसाळ्यातच सीडीवर बुरशीचे ठिपके आले. मग टेबलाखाली चाळीसचा बल्ब लावून ठेवायची पद्धत सुरू केली, म्हणजे डब्याभोवती ऊब राहते. त्या उबेला पाली आल्या. एक पॉवर सप्लायमध्ये शिरली आणि घरभर वास सुटला. वीज कडाडली की पळत जाऊन आधी टेलिफोनची वायर मोडेममधनं ओढायची, मग वाळत घातलेले कपडे.

त्यानंतरचा लॅपटॉप 2020 चा. शाळा बंद, वर्ग ऑनलाइन. रेंज यायची ती वरच्या काजूच्या बागेत, तिथं पोरं प्लास्टिकचं खोळ अंगावर घेऊन एका मोबाईलभोवती चौघं-चौघं बसायची. मी लॅपटॉपवर छान सचित्र धडे केले होते. ते उघडायला त्यांच्याकडं ना डेटा ना मोठा पडदा. शेवटी आवाज भरून व्हॉट्सअपवर पाठवायला लागले, तेवढे पोचायचे. धड्यांची ती फाइल अजून आहे, यंदा वर्गातल्या टीव्हीवर लावली.

कॉलेज रोड, एकेकाळचा सायबर कॅफेवाला

लांबण लावत नाही. एका खोलीत आठ केबिन, प्लायवूडच्या. एरवी पोरं ऑर्कुटवर. व्हीटीयूचा, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा निकाल लागला की जिन्यापर्यंत रांग. विद्यापीठ आमच्याच गावात, मच्छेच्या माळावर, तरी निकालाचं पान उघडायला घाम फुटायचा. पोरांचे सीट नंबर कागदावर लिहून घ्यायचो आणि रात्री गर्दी कमी झाल्यावर एकेक काढून फोनवर कळवायचो. नापास असला तर "सर्व्हर डाउन आहे, सकाळी ये" असं सांगायचो. स्मार्टफोन आले आणि धंदा बसला. आता त्याच जागेत झेरॉक्स आणि आधारची कामं.

खडेबाजार परिसर, दुरुस्ती

वर दोघांचे प्रश्न माझ्या कामातले आहेत म्हणून लिहितो. उद्यमबागच्या काकांनी त्या पेन्टियमची डिस्क आजच्या आज दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी, मदरबोर्डपेक्षा ती आधी जाते. यूएसबीला लावायची सीरियल वायर स्वस्त बघून घेऊ नका, लांब प्रोग्राममध्ये मधेच अक्षर गाळते आणि तुमचा जॉब फुकट जातो. पीसीआय स्लॉटचं सीरियल कार्ड मिळतं, ते घालून एक जास्तीचं मशीन तयार ठेवा. दोन्हीकडं बॉड रेट (अक्षरं पाठवायचा वेग) आणि हँडशेक (थांब-पाठवचा इशारा) सारखा लावा, बाकी काही अवघड नाही.

शहापूरच्या दादांच्या एक्सपीचं पण तेच, आधी डिस्कची नक्कल. नवीन मशीनमध्ये एक्सपी बसवून दाखवता येतो, पण प्रिंटर पोर्टचं लॉक तिथं ओळखेलच असं नाही, ते समोर लावून बघावं लागेल.

आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून बरेच जण चांगली मशीनं भंगारात घालू लागलेत. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं असेल तर विंडोज 11 रीतसर बसत नाही, हे खरं. पण एसएसडी टाकून लिनक्स बसवलं की शाळेच्या, दुकानाच्या कामाला पाच वर्षं सहज जातात. तसली मशीनं मी घेतो. जांबोटीच्या बाईंच्या शाळेला हवी असतील तर सांगा, दोन तयार आहेत. येताना पॉवर केबल आणू नका, माझ्याकडं पोतंभर पडल्यात.