गिअरबॉक्सच्या हाउसिंगसाठी कोणते बोअरिंग मशीन योग्य?

प्रश्न

नमस्कार. कोल्हापूरजवळ आमचे लहानसे मशीन शॉप असून त्यात दोन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि एक मिलिंग मशीन आहे. सध्या बिडाच्या गिअरबॉक्स हाउसिंगचे काम आले आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत बेअरिंगसाठी ११० मिमी व्यासाचे, एच७ मापाचे (एच७ म्हणजे मापात किती सूट चालेल ते ठरवणारी श्रेणी) बोअर हवे आहेत आणि भिंतींमधील अंतर ३४० मिमी आहे. लेथच्या फेसप्लेटवर एक बाजू पूर्ण करून जॉब (कापायची वस्तू) उलटा बांधला, की दुसरा बोअर पहिल्याच्या रेषेतून ०.०८ मिमीपर्यंत सरकलेला आढळतो. कोणी व्हीटीएल (व्हर्टिकल टरेट लेथ, म्हणजे उभा लेथ) सुचवतात, तर कोणी जिग बोअरिंगचा आग्रह धरतात. या कामासाठी नेमके काय योग्य ठरेल?

पहिले उत्तर

आपला दोष लेथचा नसून जॉब दोनदा बांधण्याचा आहे. हे काम होरिझोंटल बोअरिंग मशीनचे आहे, कारण तेथे जॉब टेबलावर स्थिर राहतो, टूल स्पिंडलसोबत फिरते आणि दोन्ही भिंती एकाच सेटिंगमध्ये होतात. टेबल १८० अंशांत फिरवून दुसरी बाजू करणेही शक्य असते. मात्र मशीन जुने असेल तर टेबलाची झीज पुन्हा बोअरच्या रेषेत उतरते. त्याऐवजी लांब बोअरिंग बार (टूल धरणारा दांडा) दोन्ही भिंतींतून आरपार घालून त्याच्या दुसऱ्या टोकाला आधार द्यावा. एकाच टोकाला धरलेला बार जितका बाहेर काढावा, त्याच्या घनाच्या प्रमाणात तो वाकतो. म्हणजे लांबी दुप्पट केली, तर वाक आठपट होतो. लोखंडाचे कारखानदार जॉन विल्किन्सन यांनी १७७५ मध्ये वेल्समध्ये वॅट यांच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर बोअर करताना हीच युक्ती वापरली होती. त्याआधीचा एकाच टोकाला धरलेला बार ओतिवाच्या मूळ वाकड्या भोकामागे जात असे. दोन्ही टोकांना आधार मिळाल्यावर तो स्वतःच्या रेषेत चालू लागला.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. व्हीटीएलमध्ये आडव्या, गोल टेबलावर जॉबच फिरतो. फ्लायव्हील, टर्बाइनचे केसिंग, मोठ्या रिंगा अशा गोल आणि जड वस्तू तेथे स्वतःच्या वजनानेच नीट बसतात, म्हणून त्यांच्यासाठी ते मशीन उत्तम. चौकोनी हाउसिंग मध्यापासून बाजूला बांधून फिरवले, तर तोल सांभाळण्यातच दिवस जाईल, शिवाय समोरच्या भिंतीसाठी जॉब पुन्हा उलटा करावा लागेल.

जिग बोअरिंगचा उपयोग जिग, डाय आणि गेज यांच्यासाठी आहे. तेथे दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर काही मायक्रॉनांत सांभाळायचे असते आणि त्यासाठी खोलीचे तापमान २० अंशांवर ठेवावे लागते. आपल्या कामाला एवढ्या सूक्ष्मतेची गरज दिसत नाही, पण तापमानाची गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एच७ मध्ये ११० मिमीला एकूण ३५ मायक्रॉनांची सूट असते. कापून गरम झालेला जॉब १५ अंशांनी जास्त तापलेला असताना मोजला, तर बोअर सुमारे १८ मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे अर्धी सूट मोजण्यातच संपते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. महिन्याला जेमतेम चाळीस हाउसिंग होतील. त्यासाठी जुने होरिझोंटल मशीन घ्यावे का?

तिसरे उत्तर

माझ्या मते एवढ्या संख्येसाठी मशीन घेऊ नये. तूर्त बोअरिंग बाहेर जॉबवर्कने करून घ्यावे. संख्या बरीच वाढली आणि डिझाइन बदलणार नाही अशी खात्री झाली, तर फिक्स्चर (जॉब ठरलेल्या जागी धरणारी चौकट) आणि लाइन बोअरिंग बार असलेले एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेले मशीन) बनवून घेणे परवडेल. इंजिन ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्टच्या बेअरिंगच्या जागा याच पद्धतीने एका रेषेत कापतात.

जॉबवर्कला देताना एक अट कागदावर घालावी. रफ बोअरिंग झाल्यावर क्लॅम्प सैल करून जॉब थंड होऊ द्यावा, मग हलकेच आवळून, सेटिंग डायल गेजने पुन्हा तपासून शेवटचा कट घ्यावा. पातळ भिंतीचे हाउसिंग क्लॅम्पखाली दबते आणि त्या स्थितीत गोल झालेला बोअर, क्लॅम्प सोडताच अंडाकृती होतो. मग दोष मशीनवाल्याच्या माथी मारला जातो.