मदत हवी आहे: पावसात जुनी मोटारहोम मिसिंग करते

मंडळी, जुन्या मोटारहोमचं (आत राहायची सोय असलेल्या गाडीचं) दुखणं घेऊन आलोय. पेट्रोलवरचं ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटरवालं (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा तो डिस्ट्रिब्यूटर). म्हणजे स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नाही. कोरड्या हवेत काही तक्रार नाही. पाऊस लागला की मात्र चढावर मिसिंग सुरू, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही. ॲक्सिलरेटर दाबावा तर धक्के खाते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, पिकअप मरतो. पाय जरा उचलला की पुन्हा सुरळीत. उभी करून न्यूट्रलला रेस केली तर काहीच होत नाही, आणि गॅरेजवाला माझ्याकडेच संशयाने बघतो!

रात्रभर पावसात उभी असली तरी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. उलट पाऊस थांबला तरी रस्ता ओला असेपर्यंत त्रास चालूच. त्यामुळे पाणी वरून पडत नसून चाकांनी उडवलेलं खालून येतंय, असा माझा अंदाज. पुढच्या डाव्या चाकामागचा रबरी पडदा निम्मा फाटलाय.

प्लग नवीन आहेत. डिस्ट्रिब्यूटरची कॅप (झाकण) आणि आत फिरणारा रोटर उघडून पाहिले, स्वच्छ दिसले. प्लगला जाणाऱ्या हाय टेन्शन वायर जुन्याच, पण मल्टिमीटरवर सगळ्या ठीक. गॅरेजवाला म्हणतो टाकीत पाणी गेलंय, टाकी उतरवू. मग रस्ता वाळल्यावर टाकीतलं पाणी जातं कुठं? टाकी उतरवण्याआधी काय तपासावं, जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

टाकीला सध्या हात लावू नका. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. एवढं व्होल्टेज चढलं की ओल्या, तडकलेल्या इन्शुलेशनमधून करंट सरळ इंजिनच्या बॉडीला पळतो. न्यूट्रलला रेस करताना एवढा दाब येतच नाही, म्हणून गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते.

मल्टिमीटरवर विसंबू नका. तो छोट्या बॅटरीवर वायरच्या आतल्या गाभ्याचा रेझिस्टन्स मोजतो. वरचं आवरण हजारो व्होल्टला टिकतं की नाही, ते त्याला कळत नाही.

अंधार पडल्यावर गाडी उघड्यावर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांखाली दगड लावा आणि इंजिन सुरू ठेवा. या गाड्यांत इंजिनचं कव्हर बहुधा दोन सीटांच्या मध्ये, आतच उघडतं. त्यामुळे दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात, धूर आत साठला तर जिवावर बेतेल. स्प्रेच्या बाटलीतून धुक्यासारखं बारीक पाणी एकेका वायरवर मारा, मध्ये थोडं थांबा. करंट लीक होत असेल तर निळी ठिणगी दिसेल, टकटक ऐकू येईल. वायरला हात लावायचा नाही, पंखा-बेल्टपासून लांब राहायचं, आणि तापलेल्या प्लगच्या चिनीमातीवर थेट पाणी नको, तडकते.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. कॅप मात्र भिंगातून पुन्हा पाहा. आतल्या दोन टर्मिनलांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो कार्बन ट्रॅक, करंट त्यावरून भलतीकडे जातो. खरवडून उपयोग नाही, कॅपच बदला. सकाळी नीट सुरू होते, त्यामुळे कॅपवर माझा संशय कमीच.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ असेल तर ५ आणि ७ च्या वायर कशा गेल्यात ते बघा. हे दोन सिलिंडर शेजारी आहेत आणि लागोपाठ फायर होतात. त्यांच्या वायर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या तर ५ च्या वेळी ७ मध्येही ठिणगी पडू शकते, तीही अवेळी. त्या दोघींत अंतर ठेवा.

धागाकर्ता

काल रात्री करून पाहिलं. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती), कॅप, उजव्या बाजूच्या वायर, कुठेच काही नाही. डावीकडे ५ नंबरवर पाणी मारलं आणि इंजिन डगमगलं! प्लगवरच्या रबरी टोपणातून सिलिंडर हेडवर निळी ठिणगी पडत होती. इंजिन गार झाल्यावर टोपण काढलं तर रबर एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक झालेलं, बोटाने वाकवताच चिरलं. फाटक्या पडद्याच्या बरोबर समोर हाच प्लग येतो. पूर्ण सेट मागवतोय. ७ मिलिमीटरच्या वायर घेऊ की ८ च्या?

प्रतिसाद १

जाडीपेक्षा टोपण सिलिकॉनचं आहे ना, ते बघा. एक्झॉस्टजवळ उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. टोपणात आतून थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा, म्हणजे पाणी शिरणार नाही. जुन्या वायर एकदम उपसू नका. एक काढा, एक लावा, नाहीतर फायरिंग ऑर्डरचा घोळ होईल. आणि पडदा आधी बदला, त्याशिवाय नवा सेटही रोज भिजेल.