‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या जोला सगळं कळत होतं का?

गुळव्याची लेक (कोल्हापूर)

डिकन्सची ही कादंबरी बी.ए.ला होती. तेव्हा वाचली म्हणजे गाइड वाचलं. गेल्या महिन्यात करवीर नगर वाचन मंदिरातून आणून पहिल्यापासून वाचायला घेतली आणि 27 व्या प्रकरणाशी अडकून बसले.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिप हा पोरका मुलगा, लोहाराच्या घरात वाढलेला. लोहार म्हणजे जो, त्याच्या बहिणीचा नवरा, आपल्याकडं दाजी म्हणतील तो. पुढं कुणीतरी नाव न सांगता पैसा पुरवतं आणि पिप लंडनला साहेब व्हायला जातो. तिथं जो त्याला भेटायला येतो. टोपी कुठं ठेवावी हेच त्याला कळत नाही. शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती सारखी खाली पडते, तो सारखा उचलतो. मध्येच पिपला ‘सर’ म्हणतो. आणि पिप तर आधीच कबूल करून बसलाय, की पैसे मोजून याचं येणं टळलं असतं तर मी मोजले असते.

आता माझं. आमचे आबा गुळव्या होते. गुऱ्हाळ दुसऱ्याचं, आबा तिथं हंगामी. आदण कधी उतरवायचं हे गुळव्या ठरवतो. गार पाण्यात बोटं बुडवायची, काहिलीतला उकळता पाक त्याच बोटांनी उचलायचा आणि पाण्यात गोळी वळून बघायची. एका रात्रीत कितीदा, मोजलं नाही कधी. आधार काढायला गेलो तेव्हा मशीन त्यांच्या उजव्या हाताची बोटं घेईना. रेषाच राहिल्या नाहीत. माझी पुण्याची पहिल्या वर्षाची फी म्हणजे गुऱ्हाळमालकाकडून घेतलेली उचल. ती फिटायला दोन हंगाम गेले, आणि त्या दोन हंगामांत मजुरी वाढवून मागायची सोय नव्हती.

1997 च्या दिवाळीनंतर आबा एस.टी.नं हॉस्टेलवर आले. हातात काकवीचा कॅन. भेटायच्या खोलीत मैत्रिणी होत्या. एकीनं विचारलं, काका काय करतात? मी म्हणाले, “गुळाचे व्यापारी आहेत, शाहूपुरीत.” किती सहज म्हणाले! आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग तिनं त्यांनाच विचारलं, काका, यंदा गुळाला भाव काय? आणि आबा बोलायला लागले. आवक किती, गुजरातचं गिऱ्हाईक कसं मागं सरलंय, कुठल्या मालाला उठाव आहे. दहा मिनिटं, पक्क्या अडत्यासारखं. ढेपा उतरवायला पेठेत उभं राहून जे कानावर पडलेलं, ते सगळं त्या दिवशी कामाला आलं असणार. टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि उजवा हात टोपीखाली.

तर प्रश्न असा: पिपला आपली लाज वाटते, हे जोला कळत होतं का? की तो भोळाच होता?

उद्यमनगरवाला

ताई, कळत हुतं. भोळा कुठला! त्याच भेटीत निघताना काय म्हणतो बघा. म्हणतो, या कपड्यात मी चुकलोय. मला भट्टीपाशी, हातात हातोडा घेतलेला डोळ्यासमोर आण, मग माझ्यात निम्मी खोट बी दिसायची न्हाई. वर म्हणतो, कुणी लोहार असतो, कुणी सोनार, कुणी तांबट, अशी ताटातूट व्हायचीच. भोळा माणूस असं बोलतोय व्हय?

मी फौंड्रीत हाय. बाहेरचं साहेब बघायला यायचं असलं की आमच्या जुन्या मोल्डरला त्या दिवशी सुट्टी देत्यात, कपडे बरं दिसत न्हाईत म्हणून. कास्टिंग मात्र त्याच्याच हातचं टेबलावर मांडत्यात. त्यो बी हसत सुट्टी घेतो. त्याला काय कळत न्हाई व्हय?

आठवी गल्ली

मला उलट पैशाचा भाग जास्त बोचला. पिपला लहानपणी घरी बोलावून घेणारी श्रीमंत बाई मिस हॅविशॅम, तिची श्रीमंती बिअरची. पिपचा लंडनचा मित्र हर्बर्ट एके ठिकाणी गमतीनं सांगतो की पाव भाजणाऱ्याला कुणी खानदानी म्हणणार नाही, पण बिअर गाळणारा खुशाल खानदानी असू शकतो. आपल्याकडं वेगळं काय आहे? गुऱ्हाळवाल्याच्या कपड्यांना वास येतो म्हणून नाक मुरडायचं, आणि मळीपासून स्पिरिट काढणाऱ्याला लग्नात पहिल्या रांगेत बसवायचं. ऊस एकच.

पैसा मिस हॅविशॅमचा आहे असं वाटत होतं तोवर पिपला तो गोड लागला. तो मॅग्विच या कैद्याचा निघाला तेव्हा शिसारी आली. वास्तविक मॅग्विचनं तो ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखून मिळवलेला, आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. गुन्हा त्यानं आणि कॉम्पेसननं मिळून केला होता, डोकं कॉम्पेसनचं होतं. पण कॉम्पेसन दिसायला सभ्य, बोलायला गोड, म्हणून त्याला 7 वर्षं आणि मॅग्विचला 14. मला तर ती कोर्टाची चार पानं अख्ख्या पुस्तकावर भारी वाटतात.

आणि मिस हॅविशॅमनं वाढवलेल्या एस्टेलाला विसरू नका. हात खरबरीत, बूट जाडे, हे पिपला तिनं शिकवलं. तोवर त्याला स्वतःचे हात दिसलेच नव्हते. तुम्हाला हॉस्टेलवर कुणी शिकवलं?

जुना वाचक

सगळे जोची आरती करताय म्हणून जरा उलटं बोलतो. मला जोचा राग येतो. पिप कर्जात बुडतो, तापानं फणफणतो, तेव्हा जो येऊन शुश्रूषा करतो. पिप बरा झाल्यावर एके दिवशी पहाटे न सांगता निघून जातो, मागं चिठ्ठी आणि कर्ज फेडल्याची पावती. 123 पौंड 15 शिलिंग 6 पेन्स, एका लोहारानं! पण पिपला माफी मागू द्यायला समोर थांबत नाही. पिपला त्यासाठी गावी जावं लागतं, आणि पोचतो तो नेमका जोच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी (पिपची बहीण तोवर वारलेली).

पिपलाही फार झोडू नका. हर्बर्टला गुपचूप भागीदारी मिळवून दिली, ती केवळ त्याच्यासाठी. आता पुढं हे दोघं कैरोच्या पेढीत स्थिरावतात, आणि तिथला नफा कुणाच्या जिवावर हे पिप विचारत नाही, डिकन्सही नाही. असो, तो वेगळा धागा होईल.

ताई, तुमचे वडील आहेत ना? मग आम्हाला काय विचारताय!

गुळव्याची लेक

आठवी गल्ली, कुणी शिकवलं नाही. तिथं कुणी काही बोललंच नव्हतं. घरूनच शिकून गेले असेन.

जुना वाचक, तुमचं वाचून रविवारी गावी गेले. आबा आता 79 चे आहेत, कानानं कमी. अंगणात शेंगा फोडत बसले होते. जवळ जाऊन जरा मोठ्यानंच म्हणाले, “आबा, हॉस्टेलवर मी तुम्हाला व्यापारी म्हणाले होते, आठवतंय?” वहिनी आतून बाहेर आली. आबा शेंगा फोडतच राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, “भाव बरोबर सांगितला हुता न्हवं मी?”